नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या जावयास

बिशान, सिंगापूर
२९ मार्च २०२६

कॅलेब यांस,

‘चि.’ लिहावं की ‘श्री.’ लिहावं, यात माझे दोन दिवस गेले. जावई वयानं लहान आणि मानानं मोठा, तेव्हा त्याला पत्र कसं सुरू करतात हे मला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी दोन्ही सोडून नुसतं नाव लिहिलं. तुमचं नाव लिहायचंच माझ्याकडून राहिलेलं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

मी पद्मनाभ आगाशे, उल्काचा बाप. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. फोनकडून भाषांतर करून घ्यायला जाल तर तेही जमायचं नाही. माझं अक्षर बँकेलाही लागत नाही, फोनला काय लागणार! तेव्हा हे उल्काकडूनच वाचून घ्यावं लागेल. हो, हा डाव आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ती मला म्हणाली, “मला पत्र लिहू नका, फोन करू नका.” सहा वर्षं मी तिचा शब्द पाळला. पण तुम्हाला लिहू नका असं काही ती म्हणाली नव्हती. चाळीस वर्षं जहाजांच्या धंद्यात काढली आहेत, कागदात जे लिहिलेलं नाही त्यातून वाट काढायची सवय जात नाही.

इंग्रजीत का लिहीत नाही, असं विचाराल. इंग्रजी येते, पण ती सगळी माल उशिरा पोचल्याची आणि क्रेन बिघडल्याची. त्या भाषेत कुणाची माफी मागितली तर विमा कंपनीला मागितल्यासारखी वाटते.

आता मुद्दा. आमच्या पंचांगात दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, त्याला अधिक महिना म्हणतात, घरगुती भाषेत धोंड्याचा महिना. त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून किंवा त्याच्या घरी जाऊन तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. अनारसा म्हणजे तांदूळ आणि गुळाचा, तुपात तळलेला, जाळीदार पदार्थ. यंदा अधिक महिना १७ मेला लागतो आणि १५ जूनला संपतो. तुमच्या लग्नानंतर असे दोन महिने येऊन गेले, २०२० आणि २०२३. २०२० चं खापर मी साथीवर फोडू शकतो. २०२३ चं कुणावरच फोडता येत नाही. स्मितानं, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, तेव्हा तांदूळ भिजत घातले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं, “कोणासाठी?” त्या तांदळाची तिनं घावनं केली आणि मला चार दिवस तीच खायला घातली.

यंदा ते वाण मला माझ्या हातानं तुमच्या हातात द्यायचं आहे. मी यावं का, एवढंच विचारायला हे पत्र. मला अडुसष्ट पूर्ण झाली, कामासाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा जानेवारीत संपतो, आणि यानंतरचा अधिक महिना २०२९ मध्ये आहे. मी फार लांबचे बेत करत नाही.

पत्रिकेचं उल्कानं तुम्हाला सांगितलंच असेल. तरी ते माझ्या अक्षरात असलेलं बरं. माझा मुलगा ओजस, त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत खाली घरच्यांची नावं होती. तिथे ‘सौ. उल्का व श्री. कॅलेब थॉर्नली’ असं यायला हवं होतं. तुमच्या लग्नाला सात महिने झाले होते. मी छापलं, ‘कु. उल्का आगाशे’. कु. म्हणजे कुमारी, बिनलग्नाची मुलगी. उल्का पुण्याला पुढे आली होती, तुम्ही चार दिवसांनी येणार होतात. तिनं दिवाणखान्यातली एक पत्रिका उचलली, वाचली, पर्समध्ये ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. भावाच्या लग्नाला थांबली नाही.

तेव्हा मला तुमच्या गावाची, घराण्याची काहीच माहिती नव्हती. कोण, कुठला, काही कळेना, म्हणून तसं झालं.

उत्तराची वाट पाहतो.

पद्मनाभ आगाशे

ता. क. हे पत्र पोस्टात मीच टाकलं. स्मिता म्हणाली, “सहा वर्षं मी टपालखातं चालवलं, आता बंद. तुमचं पत्र तुम्ही टाका.”

•

बिशान
११ एप्रिल

कॅलेब यांस,

उत्तर आलं नाही. टपालाला दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा अजून रागवायला जागा नाही.

स्मिता दर रविवारी सकाळी उल्काशी व्हिडिओवर बोलते. मी त्या वेळी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो. पेपर एकाच पानावर असतो, हे तिला माहीत आहे आणि मला वाटतं उल्कालाही माहीत आहे. त्या रविवारच्या बोलण्यातून मला इतकं कळलं आहे की तुम्ही ऑयस्टर नावाच्या खेड्यात राहता, समुद्रात कालवं आणि शिंपले पिकवता आणि उल्काच्या संशोधनवाल्यांना बोटीतून फिरवता. पाण्याखालचं गवत परत लावायचं तिचं काम चालू आहे. घरच्या बागेत तिनं कधी एक रोप जगवलं नव्हतं.

मी तुमच्या काउंटीचा अभ्यास सुरू केला आहे. हसू नका. ‘नकाशात तरी सापडेल का,’ असं मी एकदा तिच्या तोंडावर म्हणालो होतो. मी! ज्यानं जहाजावर सेकंड ऑफिसर म्हणून पाच वर्षं समुद्राचे नकाशे दुरुस्त केले. दर आठवड्याला नव्या सूचनांचं पुस्तक यायचं. कुठे दिवा बदलला, कुठे वाळू सरकली, ते जांभळ्या शाईनं नकाशावर चढवायचं. जुनं खोडून टाकायचं नाही, वाचता येईल अशी एक रेघ मारायची, शेजारी नवं लिहायचं आणि कोपऱ्यात दुरुस्तीचा नंबर टाकायचा. १९८३ साली कोळसा भरायला आम्ही नॉरफोकला गेलो तेव्हा तुमची काउंटी मी स्वतः उजव्या हाताला पाहिली आहे. एक सखल, हिरवी रेघ, तिचं टोक केप चार्ल्स. दक्षिणेकडून तुमच्याकडे येणारा तो लांबलचक पूल मध्येच पाण्याखाली जातो, जहाजांना वाट मिळावी म्हणून. त्या बोगद्यावरून मी जहाज नेलं आहे. इतक्या जवळून गेलो होतो, आणि उल्काला म्हणालो नकाशात नाही.

तर आता पाठ झालं आहे ते ऐका, चुकलो तर सुधारा. एका बाजूला चेसापीकची खाडी, दुसऱ्या बाजूला अटलांटिक, मध्ये पट्टीएवढी जमीन. तुमच्याकडे दिशा विचारली तर पूर्व-पश्चिम सांगत नाहीत, ‘बेसाइड’ नाहीतर ‘सीसाइड’ सांगतात. हे मला फार आवडलं, आमच्या कोकणातली माणसं असंच बोलतात, वर आणि खाली. १६१४ मध्ये जेम्सटाउनच्या इंग्रजांनी तिथं पहिली माणसं धाडली ती मीठ करायला. १६३४ मध्ये व्हर्जिनियाचे आठ भाग पाडले, त्यातला हा एक. नाव अ‍ॅकोमॅक, तिथल्या मूळ लोकांचं. त्याचा अर्थ ‘पलीकडचा किनारा’ असं म्हणतात. आठ-नऊ वर्षांत ते नाव काढून इंग्लंडातलं नॉर्थॅम्प्टन लावलं. पुढे काउंटीचे दोन तुकडे केले, तेव्हा वरच्या तुकड्याला जुनं नाव परत दिलं. मूळ लोकांना आधी थोडी जमीन राखून ठेवली, मग ती कमी केली, मग वाटून टाकली, आणि वीसेक वर्षांत तीही त्यांच्याकडे राहिली नाही.

हे वाचताना मला माझं ऑफिस आठवलं. हार्बरफ्रंटला मी पंचवीस वर्षं नोकरी केली. इंग्रजांनी १८१९ मध्ये इथं पाय ठेवला तो तिथल्या तेमेन्गोंगच्या, म्हणजे मलय सरदाराच्या, परवानगीनं. चार वर्षांनी त्याचंच गाव नदीकाठून उठवून तेलोक ब्लांगाला, म्हणजे माझ्या ऑफिसच्या बाजूला, नेऊन बसवलं. रोज त्याच भागातल्या स्टेशनवर उतरायचो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

अनारशांची एक अडचण सांगतो. त्यावर खसखस लावतात आणि सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. तीळ लावणार आहे, चालवून घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून दळायचे. स्मिता म्हणाली, “मी एका दाण्याला हात लावणार नाही. तुमचा जावई, तुमचे अनारसे.” पहिला घाणा काल काढला. तुपात टाकल्या टाकल्या सगळे विरघळले. आम्ही याला ‘अनारसे हसले’ म्हणतो. पाचच्या पाच हसले, आणि ओट्याशी उभी असलेली स्मितासुद्धा.

तांदूळ घ्यायला लिटिल इंडियात गेलो होतो तेव्हा संजीवनीबाई भेटल्या. आमच्या मराठी मंडळींतल्या, दर सणाला भेटणाऱ्या. म्हणाल्या, “अनारसे? यंदा धोंड्याचं वाण की काय?” मी म्हटलं, “छे हो, घरी खायला.” पिशवी जड होती, फार थांबलो नाही.

यावं का, तेवढं कळवा.

प. आगाशे

•

बिशान
२२ एप्रिल

कॅलेब यांस,

आज आनंदाची बातमी आहे आणि ती मी तुम्हाला देतोय, म्हणजे बघा!

तुमच्या काउंटीच्या कोर्टाचे कागद १६३२ पासून आजपर्यंत एकही वर्ष न चुकता टिकून आहेत. तसं तिकडे दुसरीकडे कुठे नाही म्हणतात. त्यांच्या नकला आता घरबसल्या वाचता येतात. मी आठ दिवस त्यात बुडून गेलो होतो. कुणाचं डुक्कर कुणाच्या तंबाखूत शिरलं, कोण कुणाला शिव्या देऊन गेलं, सगळं आहे. ओजस म्हणाला, “बाबा, ऑफिसात असताना एवढं काम केलं नाहीत.” पाच वर्षांची ऋग्वेदा, म्हणजे तुमची भाची, पाठीमागून स्क्रीन बघून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, सो बोरिंग लाह.”

पण बोरिंग नव्हतं. १६५४ च्या कागदांत मला काय सापडलं, तर थॉर्नली! जॉन थॉर्नली, सहाशे एकर जमीन, खाडीच्या बाजूला. पुढे त्याचा मुलगा कोर्टाचा पंच. त्याचा नातू चर्चच्या कारभाऱ्यांत. पावणेचारशे वर्षांचं घराणं! आमच्या आगाश्यांची वंशावळ पेशवाईच्या मागे जात नाही, आणि तुम्ही मला त्याच्या मागे साठ वर्षं सोडून गेलात. मी स्मिताला हाक मारून दाखवलं. ती बघून आत गेली. तिला इतिहासाची आवड पहिल्यापासून कमी.

आता कुणी विचारलं, कोण, कुठला, तर मी छाती ठोकून सांगू शकतो. हे मला सहा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. उल्कानं तरी सांगायचं! उगीच इतकी वर्षं गेली.

दुसऱ्या घाण्यातले तीन अनारसे जमले. यावं का?

तुमचा,
पद्मनाभ आगाशे

•

ऑयस्टर, व्हर्जिनिया
४ मे २०२६

बाबा,

कॅलेबनं लिही म्हटलं म्हणून लिहिते आहे.

तुमची तिन्ही पत्रं आली. पहिली दोन मी त्याला वाचून दाखवली. वाक्य मराठीत वाचायचं, मग इंग्रजीत सांगायचं. एक पत्र वाचायला पाऊण तास लागला. अनारसे हसले तिथं तो इतका हसला की बाहेरून शेजारी डोकावला. पूर्व-पश्चिमेचं त्यानं दोनदा ऐकलं. तुम्ही मीठ म्हणालात ते बरोबर आहे. काउंटीचं सगळंच बरोबर आहे, नकाशावाले आहात.

‘घरी खायला’ हे मी वाचताना सोडून दिलं.

तिसरं पत्र वाचायला घेतलं आणि सहाशे एकरांपाशी थांबले. त्यानं विचारलं, का थांबलीस. मला खोटं बोलता येत नाही, तुम्हीच सवय लावली आहे.

बाबा, तुम्ही त्याचा फोटो पाहिला आहे. तो काळा आहे. त्याचं थॉर्नली हे नाव त्या जॉन थॉर्नलीकडून आलं आहे, पण तुम्हाला वाटलं तसं नाही. थॉर्नली मालक होते. कॅलेबची माणसं त्याच कोर्टाच्या कागदांत आहेत, कुणी थॉर्नली मेला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची, त्या यादीत. आधी गाई, मग भांडी, मग ती. आडनाव नाही. ‘हॅना, वय अंदाजे तीस.’ गुलामी संपल्यावर कागदावर काहीतरी आडनाव हवं होतं म्हणून तेच राहिलं. इथं हे लहान मुलालाही माहीत असतं. आठ दिवस तुम्ही ते कागद वाचलेत. ती पानं तुम्ही पाहिली असणारच. तुम्ही घराणं शोधत होतात म्हणून ती उलटून पुढे गेलात.

मी हे सांगितल्यावर तो उठला. बोटीकडे गेला. परत आल्यावर म्हणाला, “तुझ्या वडिलांना एक विचार. ते घराणं खरंच आमचं असतं, तर त्या कार्डावर माझं नाव आलं असतं का?”

त्याला उत्तर हवं आहे. मलाही.

त्याची आई दर ख्रिसमसला मला विचारते, “तुझे वडील बरे आहेत ना?” मी म्हणते, बरे आहेत. सहा वर्षं ती तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे, कारण तिला वाटतं की तुम्ही आजारी असता म्हणून येत नाही. मी तिला तसं कधी सांगितलं नाही, तिनंच मनाशी धरलं. तेवढं मात्र मला दुरुस्त करता आलं नाही.

उल्का

•

बिशान
१७ मे

कॅलेब यांस,

उल्काचं पत्र गुरुवारी आलं. तीन दिवस मी काही लिहिलं नाही. हे पत्र कुरियरनं पाठवतो आहे. उल्का, हे सगळं वाच, काही सोडू नकोस. ‘घरी खायला’ तेही आता वाचून दाखव.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नसतं आलं.

सहाशे एकर असते तरी आलं नसतं. मी पहिल्या पत्रात लिहिलं की तुमच्या गावाची, घराण्याची माहिती नव्हती म्हणून तसं झालं. ते खोटं होतं. खरा क्रम असा आहे. उल्कानं फोनवर सांगितलं की तिचं एका मुलावर प्रेम आहे. मी विचारलं, काय करतो? ती म्हणाली, कालवं पिकवतो. मी हसलो, म्हटलं, आम्हा ब्राह्मणांच्या घरात चिमटे कुठून आणायचे ते फोडायला? तोवर सगळं ठीक होतं. मग तिनं तुमचा फोटो पाठवला. कोण, कुठला, नकाशात तरी सापडेल का, हे सगळं मी त्यानंतर म्हणालो. फोटो पाहायच्या आधी मला तुमच्या गावाची काही पडलेली नव्हती.

मला तुमच्या रंगाची लाज वाटली. लोक काय म्हणतील याची भीती वाटली. हे असंच आहे, याहून बरं करून सांगता येत नाही. गोरा अमेरिकन असता तर मी कुरकुर केली असती आणि पत्रिकेत नाव मोठ्या टायपात छापलं असतं.

आणि गेल्या महिन्यात मी काय केलं, तर तुमच्या पूर्वजांच्या मालकाचं घराणं शोधून काढून तुम्हालाच भेट द्यायला निघालो. ती पानं मी पाहिली होती. उल्का म्हणते ते खरं आहे. गाई, भांडी, आणि मग नावं. मला वाटलं, यात आपल्या कामाचं काही नाही. गुरुवारी रात्रभर, शुक्रवारी दिवसभर मी परत ती पानं वाचली. नव्या आडनावांसाठी नाही. वाचली एवढंच. हॅना दोन याद्यांत आहे. दुसऱ्या यादीत तिच्या शेजारी एक मूल आहे, त्याला नाव दिलेलं नाही. मी त्याच कागदांना महिन्याभरापूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या.

आज अधिक महिन्याचा पहिला दिवस. दुपारी आमच्याकडे आठ-दहा मराठी मंडळी जमली होती, विष्णुसहस्रनाम म्हणायला. संजीवनीबाईही होत्या. चहाच्या वेळी अनारशाचं पीठ झाकलेलं पाहून म्हणाल्या, “हे एवढं घरी खायला?”

मी म्हटलं, “नाही. जावयासाठी.”

सहा वर्षं मी यांना सांगत आलो होतो की उल्काचं संशोधन चालू आहे. कुणी लग्नाचं विचारलं की मी दुसरं काही काढायचो. मी म्हटलं, “त्यांचं नाव कॅलेब. व्हर्जिनियात असतात, कालवं पिकवतात. काळे आहेत. सात वर्षं झाली लग्नाला. मी कुणाला सांगितलं नाही.”

“मग तेव्हा ‘घरी खायला’ असं का म्हणालात?” संजीवनीबाईंनी विचारलं.

“भित्रा आहे म्हणून.”

कुणीतरी फोटो मागितला. माझ्या फोनमध्ये तुमचा एकही फोटो नाही. स्मितानं तिचा फोन काढून दिला. तो हातोहात फिरत असताना ऋग्वेदा ओरडली, “धिस वन आय नो लाह! अंकल कॅलेब. ही शोज मी क्रॅब्स एव्हरी संडे!” म्हणजे या घरात तुम्हाला न ओळखणारा मी एकटाच होतो. संजीवनीबाई फोटो बराच वेळ पाहत राहिल्या, मग स्मिताला म्हणाल्या, “हसतात छान.” बाकीचे काय बोलत घरी गेले असतील ते मला ठाऊक नाही. आश्चर्य म्हणजे, मला त्याची काळजी वाटली नाही. इतकी वर्षं जिला घाबरलो ती गोष्ट चहाच्या एका कपात होऊन गेली. याचं मला सुख नाही, उलट जास्त वाईट वाटतं.

आता मी ‘यावं का’ विचारत नाही. ते विचारायचा हक्क मी तिसऱ्या पत्रात घालवला. तुमच्या आईंचं नाव मला कळवाल का? सहा वर्षं त्या माझ्यासाठी देवापाशी शब्द टाकतात आणि मला त्यांचं नावही माहीत नाही. त्यांना सांगा, आजारी नव्हतो. काय होतं ते सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. सांगितलंत तरी माझी तक्रार नाही.

तुमचा अपराधी,
पद्मनाभ

•

बिशान
४ जून २०२६

चि. उल्का,

कितीतरी वर्षांनी हे दोन शब्द लिहिले. तू अजून मला लिहायला परवानगी दिलेली नाहीस, तेव्हा हा अपराध वेगळा मोजावा. टपालाला वेळ नाही, म्हणून आई या कागदांचे फोटो काढून तुला पाठवते आहे. टपालखातं तिनं एका दिवसापुरतं उघडलं आहे.

२४ मेला आईच्या फोनवर एक फोटो आला. रेघांच्या वहीच्या कागदावर, पेन्सिलनं, तीन-तीन ओळी उंच अशी अक्षरं. ‘या.’ खाली ‘कॅलेब’. आणि त्याच्या खाली, ‘आई – अर्नेस्टीन’. तू काही लिहिलं नव्हतंस. पण ती अक्षरं त्यांना गिरवायला कुणी दिली असतील, हे मला कळतं. ‘क’ चा गोल तू लहानपणी असाच उलटा काढायचीस. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि आई अर्धा तास मला बोलवायला आली नाही.

तिकिटं काढली आहेत. परवा, ६ तारखेला, निघतो, तुमच्याकडच्या ७ तारखेला दुपारी नॉरफोकला उतरतो. धोंड्याचा महिना संपायला तेव्हा आठ दिवस उरतात. अनारसे आज केले. चाळीस टाकले, तेहतीस नीट निघाले. आई बाजूला उभी होती. हात तिनं शेवटपर्यंत लावला नाही, पण “आच कमी करा” असं दोनदा म्हणाली. अर्नेस्टीनबाईंसाठी एक साडी घेतली आहे, निळी. नेसता येणार नाही असं आई म्हणाली, मी म्हटलं, खांद्यावर तर घेता येईल. चुकत असेन तर विमानात बसायच्या आत सांग.

एक सांगायचं राहिलं आहे, ते तिथं आल्यावर माझ्याकडून नीट होणार नाही, म्हणून इथंच लिहितो. कॅलेबची माफी मी मागितली. त्यांनी ‘या’ म्हटलं, तो त्यांचा मोठेपणा. पण माफ करायचं ते त्यांचं त्यांनी केलं. तुझं तू केलेलं नाहीस, आणि त्यांच्या ‘या’ मध्ये तुझं ‘या’ मी धरलेलं नाही. मी त्यांचं नाव गाळलं, पण खोटं ठरवलं तुला. तुझ्या लग्नाला, तुझ्या निवडीला, तुझ्या सात महिन्यांच्या संसाराला मी छापून खोटं ठरवलं, आणि चारशे घरांत वाटलं. हे मी रागात केलं नाही, शांतपणे केलं, प्रूफ दोनदा तपासून. माझ्या हातून झालेली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. मला तुझी फार आठवण येते, उल्का. रोज येते. पेपरच्या त्या एकाच पानामागे दर रविवारी मी तुझा आवाज ऐकत बसायचो, आणि तू “ठेवते गं आई” म्हणालीस की माझा आठवडा संपायचा.

तेव्हा आता असं करू. विमानतळाच्या दारातून आई आधी बाहेर येईल. तू तिला भेट, हवा तेवढा वेळ घे. मी पाठीमागे सामानाच्या गाडीपाशी उभा राहीन. तू मला हाक मारलीस तर पुढे येईन. नाही मारलीस, तर मी बॅगा तुमच्या गाडीत चढवून देईन आणि पाठीमागच्या सीटवर बसेन, आणि तू गाडी चालवशील तिथवर येईन. हाक त्या दिवशीच मारली पाहिजे असं नाही. मी आठ दिवस आहे.

तुझा,
बाबा